उताराचे प्लग

अस्मारात हवा विरळ.
इंजिनाला धाप लागते, पेट्रोल मात्र ते तेवढंच पितं,
आणि न जळलेलं सगळं प्लगच्या टोकावर बसतं
पातेल्याच्या बुडासारखं.
म्हणून इथे गरम प्लग लावायचे, लांब नाकाचे,
आपली काजळी आपणच जाळणारे.
हे मला वेल्देगाबिरने शिकवलं.
इटालियन मालकाकडे पोऱ्या होता तेव्हापासून
तो प्लगला कांदेलाच म्हणतो. मेणबत्ती.
"चार कांदेला आण, लेतेब्रहान," म्हणाला,
आणि पहिल्या खेपेला मी खरंच
चर्चशेजारच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

पण अब्रेहेतला नोकरी लागलीय मसावात,
बंदरावरच्या दवाखान्यात.
तेवीसशे मीटर उतरायचं, वळणावळणाने,
बाबांच्या फियाट अकराशेतून.
खाली हवा घट्ट, ओली, तव्यावरची.
तिथे लांब नाक लाल होतं,
ठिणगीची वाट न बघता पेट घेतं,
इंजिन खडे भरलेल्या डब्यासारखं वाजतं.
खाली आखूड नाकाचे हवेत. थंड डोक्याचे.

बिस्किटांच्या निळ्या डब्यात निघाले तीन,
बोलोन्याहून भावाने मोज्यात गुंडाळून पाठवलेले.
चौथा कुठे, विचारलं होतं,
तर म्हणाला, तीनच मिळाले.
सहा वर्षं झाली त्या फोनला.
चौथा मग केरेनच्या बाजारातून, दुसऱ्याच कंपनीचा.
एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड,
दुसरीत आकडा वाढला की गरम,
दोन घरच्या दोन रीती.
वेल्देगाबिरने भिंग लावलं,
आत काडी घालून नाकाची लांबी मापली.
"किंचित तापट आहे. असू दे. सोयरा म्हणून चालेल."

काल रात्री गेज अब्रेहेतच्या हातात दिलं.
पात्यांचा पंखा उघड, सहा दशांशाची शोध.
वाकवायचा तो बाहेरचा आकडा.
मधल्या खांबावर जोर द्यायचा नाही,
भोवती चिनी माती असते,
तडकली तर आतल्या आत तडकते
आणि बाहेरून काही कळत नाही.
पाती सरकायला हवी, पण सुळकन नाही.
जुन्या वहीतून वाळलेलं फूल ओढताना
कागद धरतो ना थोडा, तेवढंच.
पहिला तिने तीनदा बिघडवला.
फार जवळ आलं की ठिणगी खुजी,
फार लांब गेलं की उडतच नाही.
"मामाला फोन कर ना," ती मधेच म्हणाली.
मी म्हटलं, "चौथा झाला का?"

पहाटे धुकं. सायकलवाले. एक ट्रक रस्त्यात आडवा.
गिंडाला पोचलो तोवर ऊन चढलं होतं.
संत्रीवाल्याच्या सावलीत गाडी लावली,
बॉनेट उघडून तासभर नुसत्या बसलो.
तापल्या इंजिनात पाना घालू नये,
आटे धरून बसतात.

मग एकेक काढला.
पहिला, दुसरा, चौथा: भाजल्या पावाचा रंग.
मन निवलं.
तिसरा काळा. आणि ओला.
बोटावर घेऊन वास घेतला: तेल.
म्हणजे रिंगा गेल्या, बाबांच्याच वेळच्या असणार.
संत्रीवाला म्हणाला, परत फिरा.
मी डब्यात पाहत राहिले.
तेल पिणाऱ्या घराला थंड प्लग दिला
तर तो मसावा दिसायच्या आत बुजणार.
तिथे जरा तापटच लागतो.
केरेनचा सोयरा उचलून मी तिसऱ्यात लावला.
आधी अंगठा आणि दोन बोटं, आटे आपसूक बसेपर्यंत,
मगच पाना, आणि तोही अर्धाच फेरा.

पहिल्या चावीला खोकली. दुसऱ्यालाही.
तिसऱ्याला लागली,
जराशी लंगडत, मग सरळ.

अब्रेहेत काढलेले प्लग फेकायला निघाली होती.
"अगं, ठेव," मी म्हटलं,
"वर जाताना हेच लागतील."
पुसून तिने ते मोज्यात भरले, अजून कोमट होते.
मोज्याच्या टाचेला भोक,
त्यातून एकाचं टोक बाहेर आलं.
तिने ते आत ढकललं, आणि मोजा
माझ्या सीटखाली ठेवला. तिच्या नाही.